लगाशच्या राजाचे धान्यकोठार

सन १९६४. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला लागून असलेल्या वेस्टचेस्टर परगण्यातील सहावीचा एक विद्यार्थी टाइपरायटरसारख्या दिसणाऱ्या यंत्रासमोर बसला आहे. यंत्र खडखड वाजते आणि कागदाच्या गुंडाळीवर मजकूर उमटू लागतो. ख्रिस्तपूर्व ३५०० च्या सुमाराचे सुमेर, नगरराज्य लगाश, आणि राजा म्हणजे हा विद्यार्थीच. राज्याचा कारभारी त्याला अहवाल देत असतो : प्रजा इतकी, लागवडीखालील जमीन इतकी, यंदाचे पीक इतके, कोठारात शिल्लक इतकी. पुढे तीन प्रश्न येतात. लोकांना खायला किती द्यायचे? बियाण्याला किती ठेवायचे? साठवणीला किती टाकायचे? मुलगा आकडे टंकलिखित करतो, यंत्र क्षणभर थांबते आणि पुढच्या हंगामाचा अहवाल छापते. कधी पीक वाढलेले असते, कधी पुराने वा आगीने कोठार रिते झालेले असते, कधी प्रजा घटलेली असते.

या कार्यक्रमाचे नाव ‘द सुमेरियन गेम’. विद्यार्थ्याने निर्णय घ्यावा, संगणकाने त्याचा परिणाम दाखवावा, तो पाहून विद्यार्थ्याने पुढचा निर्णय घ्यावा, अशा पद्धतीने शिकविण्यासाठी तयार झालेल्या अगदी पहिल्या सिम्युलेशन्सपैकी ते एक. आज शाळांपासून लष्करी महाविद्यालयांपर्यंत सर्वत्र या पद्धतीचा बोलबाला आहे. तिच्या उगमाशी धान्यवाटपाचा प्रश्न असावा, ही गोष्ट प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला विशेष वाटते. म्हणून तिचा इतिहास थोडा तपशिलाने सांगण्याचा विचार आहे.

कल्पना पुढे आली ती १९६२ मध्ये. परगण्यातील शाळांसाठी काम करणारे शिक्षण मंडळ आणि आयबीएम कंपनी यांनी मिळून शिक्षकांसाठी एक उन्हाळी कार्यशाळा घेतली. शाळेत संगणकाचा काय उपयोग करता येईल, हा तिचा विषय. आयबीएमचे ब्रूस मॉनक्रीफ यांनी असे सुचविले की, एखाद्या प्राचीन अर्थव्यवस्थेचे सोपे गणिती रूप संगणकात बसवावे आणि मुलांना ती चालवायला द्यावी. ‘मोनोपॉली’ हा पटावरचा खेळ त्यांच्या डोळ्यांसमोर होता. प्राचीन इतिहास म्हणजे ग्रीस आणि रोम, त्याआधीचे काही शिकवायचेच नाही, अशी अमेरिकन शाळांची तेव्हाची रीत होती. सुमेरची निवड त्या उणिवेकडे पाहून झाली. कार्यशाळेला आलेल्या शिक्षकांत कॅटोना येथील चौथीच्या वर्गाच्या शिक्षिका मेबल ॲडिस होत्या. त्यांनी बर्नार्ड महाविद्यालयात मेसोपोटेमियाच्या प्राचीन संस्कृतीचा अभ्यास केलेला होता. खेळाचे कथानक, अहवालांची भाषा, निर्णयांचा क्रम हे सर्व त्यांचे. प्रोग्रॅम लिहिला आयबीएमच्या विल्यम मॅके यांनी. खर्चासाठी अमेरिकेच्या संघीय शिक्षण कार्यालयाचे अनुदान मिळाले. एका वेळी एकच मूल यंत्रासमोर बसू शकत असे, आणि पहिली चाचणी सहावीच्या तीस विद्यार्थ्यांवर झाली.

ॲडिसबाईंनी केलेली रचना आजही शिकण्यासारखी आहे. पहिल्या भागात केवळ शेती आणि धान्य. ते जमले तरच दुसऱ्या भागात प्रवेश. तेथे शेतीतून मोकळी झालेली माणसे कारागिरीकडे वळवायची. तिसऱ्या भागात शेजारच्या नगरांशी व्यापार आणि संघर्ष. म्हणजे आधी अतिरिक्त धान्य, मग हस्तोद्योग, मग बाजारपेठ. विकासाच्या अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके जो क्रम पन्नास पानांत सांगतात, तो अकरा-बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या चुकांतून उमगावा, ही योजना. १९६६ च्या सुधारित आवृत्तीत मधूनमधून ध्वनिफितीवरचे संवाद आणि पडद्यावरच्या स्लाइड्सही जोडल्या गेल्या. याच प्रकल्पात पुढे सिएरा लिओन या १९६१ मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाच्या आर्थिक समस्यांवरही एक खेळ तयार झाला.

दुर्दैवाने मूळ प्रोग्रॅम आज उपलब्ध नाही. तीन विद्यार्थ्यांच्या खेळाचे छापील कागद आणि स्लाइड्स एवढेच हाती राहिले आहे. कोणती नस्ती जपायची आणि कोणती नष्ट करायची याचे नियम आपल्याकडे आहेत, तसे तिकडेही असणारच. महत्त्वाची कागदपत्रे सर्वत्र सारख्याच रीतीने गहाळ होतात, एवढेच समाधान. मेबल ॲडिस २००४ मध्ये वारल्या. संगणकीय खेळांच्या व्यावसायिकांनी त्यांचा मरणोत्तर गौरव केला तो २०२३ मध्ये.

येथे एका पूर्वजाची आठवण केली पाहिजे, कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो टाळता येत नाही. ‘फिलिप्स वक्र’ ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते बिल फिलिप्स मूळचे न्यूझीलंडचे, पेशाने इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहून आलेले हे गृहस्थ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र शिकत होते आणि केन्सचे अर्थशास्त्र समजून घेताना अडखळत होते. त्यांनी १९४९ मध्ये क्रॉयडन येथील एका गॅरेजमध्ये एक यंत्र उभे केले. सुमारे दोन मीटर उंच, पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा आणि त्यांतून खेळणारे रंगीत पाणी. राष्ट्रीय उत्पन्न वरून वाहत येते. एक धार कराकडे वळते, एक बचतीकडे, एक आयातीकडे. उरलेले उपभोगाच्या मार्गाने खाली येते आणि पंपाने पुन्हा वर चढविले जाते. काही सुटे भाग तर लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाचे होते, असे सांगतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लायोनेल रॉबिन्स यांच्या चर्चासत्रात हे यंत्र चालवून दाखविण्यात आले. थट्टा करायला आलेले प्राध्यापक टाक्यांकडे टक लावून पाहत राहिले, अशी त्या दिवसाची हकीकत आहे. पुढे जेम्स मीड यांनी या यंत्राचा उपयोग वर्गात फार कल्पकतेने केला. एका विद्यार्थ्याच्या हाती कर आणि सरकारी खर्चाची झडप, दुसऱ्याच्या हाती व्याजदराची. दोघांनी आपापल्या बुद्धीने अर्थव्यवस्था स्थिर करू पाहावी, आणि दोघांच्या ओढाताणीत पाणी कसे उसळते ते साऱ्या वर्गाने बघावे! वित्त मंत्रालय आणि रिझर्व्ह बँक यांच्यातील मतभेदांच्या बातम्या वाचताना मला हटकून त्या टाक्या आठवतात.

फिलिप्स यांच्या यंत्रात गळती असे. पाणी जमिनीवर येई. संगणकात तशी गळती दिसत नाही. यंत्र कोठे गळते आहे हे डोळ्यांना दिसणे ही शिकण्याच्या दृष्टीने मोठी सोय होती, असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

आता कालगणना जरा बाजूला ठेवून दिल्लीकडे वळू. वेस्टचेस्टरमधली मुले लगाशचे कोठार सांभाळत होती, त्याच काळात कृषिभवनात हाच प्रश्न खराखुरा होता. जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग या दोन्ही संस्था अस्तित्वात आल्या. आयोगाचे पहिले अध्यक्ष मुंबई विद्यापीठाचे प्रा. दांतवाला होते. त्याच वर्षी पावसाने दगा दिला. १९६४-६५ मध्ये सुमारे ८.९ कोटी टन असलेले अन्नधान्याचे उत्पादन १९६५-६६ मध्ये ७.२ कोटी टनांवर आले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ उपवास करण्याचे आवाहन केले. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले, त्यातले बहुतेक पीएल-४८० खालचे अमेरिकन. आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे सोडण्याचा निर्णय स्वतःच्या हाती ठेवून दोरी आखडली होती. किती वाटायचे, किती राखायचे, बियाण्याचे काय, हे प्रश्न सी. सुब्रह्मण्यम् यांच्या टेबलावर रोज येत होते. त्यांना टेलिप्रिंटरवर पुढचा हंगाम एका मिनिटात छापून मिळत नव्हता, एवढाच फरक. मेक्सिकन गव्हाचे बियाणे मोठ्या प्रमाणावर मागविण्याचा निर्णय याच कोंडीतून झाला.

असो. सुमेरियन गेमचा पुढचा प्रवास मोठा गमतीचा आहे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीतील डग डायमेंट यांनी आपल्या एका भाषणानंतर या खेळाविषयी ऐकले आणि १९६८ मध्ये त्याची एक छोटीशी आवृत्ती स्वतःच लिहिली. पुढे डेव्हिड आल यांनी ती बेसिक या भाषेत आणून १९७३ मध्ये आपल्या संगणक-खेळांच्या पुस्तकात छापली. राजाचे नाव हम्मुराबी. परंतु आठच अक्षरांची मर्यादा असल्यामुळे रोमन लिपीतला एक ‘एम’ गळाला आणि ‘हमुराबी’ झाले. हम्मुराबी सुमेरचा नव्हे, बाबिलोनचा राजा, आणि तोही लगाशच्या या कथेनंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी झालेला. पण प्रोग्रॅमरांना तेवढे चालते. १९७८ ची या पुस्तकाची सुधारित आवृत्ती दहा लाखांहून अधिक खपली. कित्येकांनी आपला पहिला प्रोग्रॅम म्हणून हाच मजकूर पुस्तकातून पाहून अक्षर-अक्षर टंकलिखित केला. ॲडिसबाईंचे तीन भाग, कारागीर, व्यापार हे सारे येथे गळून पडले होते. उरले ते केवळ धान्य आणि जमीन.

हमुराबीचे नियम पाहण्यासारखे आहेत. कारकीर्द दहा वर्षांची. आरंभी प्रजा १००, जमीन १,००० एकर, कोठारात २,८०० बुशेल धान्य. माणशी वर्षाला २० बुशेल लागतात. तेवढे न मिळाल्यास माणूस उपासमारीने मरतो. एका बुशेलात दोन एकर पेरता येतात. एक माणूस दहा एकर कसू शकतो. उत्पन्न एकरी १ ते ५ बुशेलांपर्यंत, ते निव्वळ नशिबावर. जमिनीचा भाव एकरी १७ ते २६ बुशेल, तोही नशिबावर. अधूनमधून उंदीर कोठार खातात. दर वर्षी शंभरात पंधरा इतकी साथीची शक्यता, आणि साथ आली की अर्धी प्रजा नाहीशी. एका वर्षात ४५ टक्क्यांहून अधिक लोक उपाशी मेले तर राजा तत्काळ पदच्युत. दहा वर्षे निभावलीच तर शेवटी मूल्यमापन होते. वाईट कारभार करणाऱ्याची तुलना नीरोशी होते. वार्षिक गोपनीय अहवालाचा इतका परखड नमुना मी अन्यत्र पाहिलेला नाही.

पहिल्याच वर्षाचा हिशेब मांडून पाहू. शंभर जणांना खायला २,००० बुशेल. हजार एकरांच्या पेरणीला ५००. उरले ३००. पीक सरासरीइतके, म्हणजे एकरी तीन बुशेल आले, तर ३,००० नवे आणि ३०० जुने. उंदरांचा वाटा वजा जाता सारे ठीक. परंतु एकरी एकच बुशेल आले, आणि पाच वर्षांतून एकदा तसे व्हायचेच, तर हाती १,३००. त्यात ६५ माणसे जगतात आणि पेरणीला एक दाणा उरत नाही. पेरणीसाठी राखावे तर त्याहून कमी जगतात. खायचे की पेरायचे हा प्रश्न येथे पुस्तकातून येत नाही, पोटात गोळा येऊन येतो. बारा वर्षांच्या मुलाला राखीव साठ्याचे महत्त्व इतक्या थोडक्यात पटवून देणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. (एक तपशील : वीस बुशेल गहू म्हणजे सुमारे ५४० किलो. आपला २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा प्राधान्य कुटुंबांतील माणसाला महिन्याला पाच किलो, म्हणजे वर्षाला साठ किलो देतो. सुमेरची प्रजा फारच खाती होती, किंवा प्रोग्रॅमरने गुणाकाराला सोपा आकडा घेतला.)

आता या खेळात काय नाही ते पाहू. त्यात सर्वांना सारखे धान्य मिळते. जमीन राजाची, कोठार राजाचे, आणि बाकीची शंभर माणसे म्हणजे केवळ शंभर हा आकडा. त्यांच्यात जमीनदार नाही, कूळ नाही, मजूर नाही, कोळी नाही, व्यापारी नाही. मजुरी नाही, धान्याचा भाव नाही. म्हणून या जगात दुष्काळ एकाच कारणाने पडू शकतो : एकूण धान्य कमी पडले म्हणून. हे नियम कोणी लपवून ठेवलेले नाहीत. प्रोग्रॅम पुस्तकात छापलेलाच आहे. परंतु जे लिहिलेलेच नाही, ते वाचणाऱ्याला कसे दिसावे?

अमर्त्य सेन यांचे ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचे त्यातील विश्लेषण प्रसिद्धच आहे. सेन यांच्या हिशेबाप्रमाणे १९४३ मध्ये बंगालमधील उपलब्ध धान्य मागील पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनीच कमी होते, आणि १९४१ च्या तुलनेत तर अधिकच होते. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही. १९४३ मध्ये सेन यांच्याच अंदाजाने तीस लाखांच्या घरात माणसे मेली. युद्धाच्या खर्चामुळे कलकत्त्यात पैसा ओतला जात होता, तांदळाचा भाव काही महिन्यांत कित्येक पटींनी चढला, आणि शेतमजुरांची मजुरी होती तेथेच राहिली. शेतमजूर, कोळी, नावाडी यांच्याजवळ धान्य मिळविण्याचा हक्कच उरला नाही. सेन यांच्या आकडेवारीवर पुढे वाद झाले, आणि पीक त्यांनी धरले त्याहून अधिक बुडाले होते असे मानणारे अभ्यासकही आहेत. तो वाद मिटलेला नाही. परंतु धान्य असणे आणि ते माणसाच्या ताटात पडणे यांत अंतर असते, हा मुद्दा कोणी नाकारत नाही. खरे तर आपल्या जुन्या जिल्हाधिकाऱ्यांना तो सेन यांच्या आधी शंभर वर्षे ठाऊक होता. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला. तिचा कणा काय होता? काम काढणे आणि मजुरी देणे. पाऊस गेला की शेतीतले काम जाते, आणि काम गेले की मजुराच्या हाती धान्य विकत घ्यायला पैसा नसतो, हे तिने गृहीत धरले होते.

हमुराबीत अडचणीच्या वर्षी राजाला जमीन विकून धान्य घेता येते. वरच्या उदाहरणात एकरी वीसचा भाव मिळाला, तर साठेक एकर विकून पस्तीस माणसे वाचतात आणि पेरणीही होते. म्हणजे दुष्काळावर जमीनविक्री हा बरा तोडगा आहे, असे खेळणारे मूल शिकते. कारण येथे जमिनीच्या भावाचा पिकाशी काही संबंध नाही. प्रत्यक्षात ज्या वर्षी सगळ्यांनाच जमीन विकायची असते, त्याच वर्षी धान्य महाग असते, आणि त्याच जमिनीला धान्याच्या मापात फारच थोडे मिळते. १९४३ मध्ये बंगालमधील छोट्या शेतकऱ्यांनी नेमका हाच अनुभव घेतला.

सिम्युलेशनमधून शिकविण्यात धोका आहे तो हा. पुस्तकातले विधान वाचणारा त्याच्याशी भांडू शकतो. सिम्युलेशनमध्ये तेच विधान निसर्गनियमाच्या वेषात येते. विद्यार्थी त्याच्याशी भांडत नाही, त्याच्याशी जुळवून घेतो, आणि जिंकू लागला की त्याला ते पटलेलेच असते.

पुढच्या इतिहासात हे वारंवार दिसते. एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी झालेल्या चर्चांतून ‘अर्बन डायनॅमिक्स’ हे पुस्तक १९६९ मध्ये लिहिले. शहराचे त्यांनी केलेले गणिती प्रतिरूप असे सांगत होते की, गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहराची स्थिती बिघडते. निष्कर्ष धक्कादायक होता, पण तो प्रतिरूपाच्या गृहीतकांतच बसलेला आहे, असे टीकाकारांचे म्हणणे पडले. त्या पुस्तकातून स्फूर्ती घेऊन विल राइट यांनी १९८९ मध्ये ‘सिमसिटी’ आणले. लक्षावधी मुलांनी त्यात शहरे वसविली. कर किती चढविला की लोक निघून जातात, रस्त्याऐवजी रेल्वे टाकली तर काय होते, याची उत्तरे त्यांना मिळाली. ती कोणी आणि कशाच्या आधारावर ठरविली हे खेळात कोठेच लिहिलेले नव्हते. समाजशास्त्रज्ञ पॉल स्टार यांनी १९९४ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले होते. अमेरिकेत तेव्हा आरोग्यविम्याच्या सुधारणेवर वाद चालू होता आणि त्यावरही एक सिम्युलेशन बाजारात आले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या काळजीचे कारण समजते.

भौतिकशास्त्राचे तसे नाही. कार्ल वीमन यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि २००२ मध्ये त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा सिम्युलेशन्सचा प्रकल्प सुरू केला. त्यातील विद्युतमंडलाच्या सिम्युलेशनवर २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संगणकावर मंडल जोडायला शिकलेल्या विद्यार्थ्यांची समज खऱ्या तारा आणि दिवे वापरून शिकलेल्यांपेक्षा चांगली आढळली. इतकेच नव्हे, तर मागाहून खऱ्या तारा हाती दिल्यावरही तेच सरस ठरले. ओहमचा नियम कोणाच्या मतावर अवलंबून नाही, म्हणून तेथे सिम्युलेशनवर विश्वास टाकता येतो. आपल्याकडे आयआयटी दिल्लीच्या समन्वयाने उभ्या राहिलेल्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ आणि शाळांसाठी अमृता विद्यापीठ व मुंबईच्या सी-डॅकने केलेल्या ‘ओलॅब्स’ यांचा उपयोग याच कारणाने मोठा आहे. ज्या शाळेत प्रयोगशाळेचे कुलूप वर्षातून दोनदाच उघडते, तेथील मुलांसाठी तर ती अपूर्वाईची गोष्ट.

कुलपावरून आठवले. केंद्र सरकारची शाळांतील संगणक साक्षरतेची ‘क्लास’ योजना १९८४-८५ मध्ये सुरू झाली. ब्रिटनमधील शाळांत गाजलेले बीबीसी मायक्रो हे संगणक तीत आले होते. माझ्या शाळेतही दोन आले. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचे, हात लावायचा नाही, आणि फळ्यावर लिहिलेला बेसिकमधला प्रोग्रॅम वहीत उतरवून घ्यायचा. यंत्रांवर शिवलेले निळे आच्छादन मला अजून स्पष्ट आठवते. पडद्यावर काय दिसत असे ते मात्र आठवत नाही. यंत्रे आधी येतात, शिक्षकांचे प्रशिक्षण मागाहून, आणि अभ्यासक्रम सर्वांत शेवटी, असा क्रम आपल्या योजनांत का पडतो, यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. खरेदीचा खर्च मार्चअखेरपर्यंत दाखविता येतो, शिकविण्याचा येत नाही, एवढे एक कारण तरी उघड आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण संस्थेत नव्या अधिकाऱ्यांसमोर अन्नसुरक्षेवर बोलण्याचा प्रसंग आला. मी हमुराबी स्प्रेडशीटमध्ये उतरवून नेला. पहिला तास सर्वांनी तो खेळला. चुरस लागली, दोघे-तिघे पदच्युतही झाले. दुसऱ्या तासाला मी दुसरे पान उघडले. माणसे शंभरच, पण त्यांतील साठ जणांजवळ जमीन, चाळीस मजूर. मजुराची वर्षाची कमाई साठ रुपये, धान्याचा भाव बुशेलला तीन रुपये. म्हणजे त्याला त्याचे वीस बुशेल बरोबर मिळतात. मग धान्य पाच टक्क्यांनी घटविले : २,००० ऐवजी १,९००. मूळ खेळाच्या नियमाने येथे पाच माणसे मरतात. दुसऱ्या पानावर शहरात लष्करी ठेक्यांचा पैसा आला आणि भाव सहा रुपये झाला, असे धरले. चाळीस मजुरांना मिळून आता ४०० बुशेलच घेता येतात. त्यात वीस जण जगतात आणि वीस मरतात. जमीनवाल्या साठांनी आपले १,२०० ठेवले. ३०० बुशेल गुदामात पडून राहिले.

वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने सुचविले की मजुरांना कामे काढून आणखी साठ-साठ रुपये द्यावेत. तसे करून पाहिले. गुदामातले ३०० बाहेर आले, पस्तीस मजूर जगले, पाच तरीही उरले. त्यांच्यासाठी १०० बुशेल बाहेरून आणावे लागले. महाराष्ट्राच्या १९७२-७३ च्या दुष्काळात मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या जवळपास माणसे दुष्काळी कामांवर होती, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या दहाव्या हिश्श्याइतकी. रोजगार हमी योजनेचा पाया तेथे पक्का झाला. हे मी त्यांना सांगितले, पण आकडे त्यांनी स्वतः हलवून पाहिल्यावर. आधी सांगितले असते तर ते टिपणवहीत गेले असते.

सत्र संपता संपता शेवटच्या रांगेतील एका मुलीने हात वर केला. ‘‘सर, पहिल्या पानावर आम्ही जमीन विकत होतो. ती घेत कोण होते?’’ मी प्रोग्रॅमची ती ओळ पुन्हा पाहिली. जमिनीतून आकडा वजा होतो, कोठारात मिळविला जातो. घेणारा कोणी नाही. मी तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपले पान घेऊन आली. तिने शंभर माणसांच्या खाली एकशे एकावी ओळ घातली होती आणि तिला ‘खरेदीदार’ असे नाव दिले होते. दहाव्या वर्षाअखेर त्या ओळीत ४१२ एकर जमा झाले होते.